बोट आणि बांधणी

अप्पांनी साबण लावून हात धुतले, तेव्हाच सगळ्यांना कळलं की आता बोट ठेवायचं.

एरवी जेवणाआधी अप्पा हात नुसते ओले करत. उभा जन्म पुस्तकांच्या बांधणीत गेलेला, नखांच्या कडेला सरस वाळलेला असायचाच, आणि तो निघत नाही म्हटल्यावर साबण कशाला वाया घालवा, असं त्यांचं म्हणणं. कोपरापर्यंत, नखं घासून हात धुणं म्हणजे घरात मोठा प्रश्न आला आहे आणि तो आता देवापुढे ठेवायचा आहे.

ही चाल अप्पांच्या वडिलांची. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर, जेवणं उरकल्यावर सगळ्यांनी मेजाभोवती बसायचं. घरच्या कर्त्याने डोळे मिटायचे, पवित्र शास्त्र उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते उत्तर. एकदाच, पुन्हा नाही. थोरल्याचं लग्न असंच ठरलं, खालच्या मजल्यावरचं हिरवं कटिंग मशीन असंच आलं, धाकट्याने कॉलेज सोडून धंद्यात यावं हेही असंच. आणि देवाने या घराला आजवर एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं.

धाकटी सून मेजाच्या टोकाला बसली होती. लग्नाला सहा वर्षं झाली तरी या मेजावर आपण पाहुणे आहोत असं तिला वाटायचं, आणि आज तर प्रश्नच तिचा होता. तिची चार वर्षांची मुलगी पलीकडच्या खोलीत कागदाच्या कातरणांच्या ढिगात बसून गाणं म्हणत होती, म्हणजे ओरडत होती. घरात तिला सगळे भोंगा म्हणत. नाव थोरल्या काकांनी ठेवलेलं. पोरगी कुजबुजायची तीसुद्धा रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जाईल अशी.

सगळे हसत. धाकटी हसता हसता थांबली होती. तिने मुलीच्या पाठीमागे चमचा पाडून पाहिला, दार आपटून पाहिलं, आणि कधी वळून बघते, कधी नाही, ते वहीत लिहून ठेवलं. एकेचाळीस नोंदी झाल्यावर वही घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही शिक्षिका का? ती म्हणाली, नाही, नुसती आई. मग तपासण्या झाल्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. छोटंसं ऑपरेशन, बारीकशी नळी बसवायची, पंधरा मिनिटांचं काम. गुरुवारी एक जागा रिकामी झाली आहे. रविवारी चारपर्यंत फोन करा, नाहीतर अडीच महिने थांबा.

पंधरा मिनिटांचं तिला काही नव्हतं. भीती भूल देण्याची होती, आणि त्याहून जास्त त्या दाराची. एका दारापर्यंत आईने जायचं आणि पुढे मुलीला अनोळखी माणसं आत नेणार. तिथे तिचं म्हणावं असं कुणीच नसणार. आठ दिवस ती याच दारापाशी उभी होती.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"माझं म्हणणं आधीच सांगतो," थोरला म्हणाला. तो पोस्टमन होता आणि घरातही बातमी आपणच पोहोचवायची असं मानणारा. "पोरांच्या कानात पाणी येतं आणि जातं. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या पुतण्याचं आपोआप गेलं."

"तुमच्या ऑफिसातल्या एकाच्या पुतण्याचं सगळंच आपोआप जातं," थोरली म्हणाली. ती शाळेत शिकवायची. "मूतखडा गेला, चष्मा गेला. परवा नोकरीपण गेली म्हणालात."

"मी बोलतोय ना?"

"बोला की. वीस वर्षं बोलताय. मी वर्गात बघते हो, ऐकू न येणारं पोर मागच्या बाकावर कसं बसतं ते. आपण मठ्ठ आहोत असंच त्याला वाटायला लागतं."

धाकटीने कृतज्ञतेने जावेकडे पाहिलं. मागच्या महिन्यात छपराच्या दुरुस्तीवरून याच जावेने तिच्याशी चार दिवस अबोला धरला होता, हे दोघीही या क्षणी विसरल्या.

"तुझं काय?" थोरल्याने भावाला विचारलं.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पाण्याच्या तांब्याकडे. "अप्पांच्या बोटाखाली येईल ते."

"वा," थोरली पुटपुटली. "पुरुषार्थ."

"पुरे," अप्पा म्हणाले. "सुई, शास्त्र आण."

सुई म्हणजे अप्पांची मुलगी, दोघा भावांच्या मधली. दुकानात तिच्याइतकी सरळ शिवण कुणाची नव्हती आणि घरात तिच्याइतकी टोचणारी जीभ कुणाची नव्हती, म्हणून हे नाव. आज मात्र ती सकाळपासून गप्प होती. तिने कपाटातून पुस्तक आणलं आणि कापडातून सोडवून मेजावर ठेवलं, तेव्हा सगळे चाटच पडले.

जुनं काळपट पुठ्ठ्याचं, पाठ निखळलेलं, दोरीने बांधलेलं पुस्तक गेलं होतं. त्या जागी तपकिरी चामड्याचं, सरळ पाठीचं, कोपऱ्यांवर पट्ट्या लावलेलं पुस्तक होतं.

"पाठ तुटलीच होती," सुई म्हणाली. "आईअप्पांच्या लग्नाला या महिन्यात पंचेचाळीस वर्षं होतात. म्हटलं, भेट."

अप्पांनी पाठीवरून अंगठा फिरवला. कारागिराचा अंगठा, पारखणारा. "खोलून पुन्हा शिवलंस?"

"सगळं. एकेक जुज."

जुज म्हणजे दुमडलेल्या पानांची गड्डी. अशा शंभरेक गड्ड्या एकीला एक शिवून पुस्तक उभं राहतं. अप्पांनी मान डोलावली. "छान घट्ट झालंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडची एवढी स्तुती म्हणजे मेडलच.

प्रार्थना झाली. अप्पांनी डोळे मिटले. दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक उघडलं, बोट टेकवलं, आणि पुस्तक फटकन मिटलं. बोट आतच राहिलं.

"आई गं," अप्पा म्हणाले. हे देवाशी बोलण्यात धरावं की नाही, कुणाला कळेना.

बोट जिथे अडकलं तिथे पान उघडलं. थोरलीने वाचलं. नावं होती. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी. अख्खा रकाना बापलेकांचा.

"याचा अर्थ?" धाकट्याने विचारलं.

"वंश वाढतो," थोरला म्हणाला. "म्हणजे आणखी मुलं होऊ द्या."

"आधीची बहिरी ठेवून?" थोरली म्हणाली.

"बोट अडकलं होतं, ते धरायचं नाही," अप्पा म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा डोळे मिटले. या वेळी बोटाखाली भिंतीला आलेली बुरशी निघाली. याजकाने ती कशी तपासावी, दगड कधी काढावेत. सगळ्यांची नजर नकळत कोपऱ्यातल्या ओलीकडे गेली.

"छपराचं मी म्हणतच होते," थोरली म्हणाली.

तिसऱ्या खेपेला देवाच्या तंबूच्या पडद्यांची मापं निघाली. किती हात लांब, किती हात रुंद.

मग थोरली ताठ बसली. "पडदा! अहो, कानाचा पडदा! सरळ आहे की."

"पण इथे काय म्हटलंय बघ," थोरला पुस्तकावर वाकला. "पडदे एकमेकांना जोडायचे. फासे लावून. भोक पाडायचं कुठे म्हटलंय?"

"फासा अडकवायला भोक लागतंच ना!"

"तू शिवणकाम शिकवू नकोस, या घरात निम्मी माणसं शिवतात."

धाकटी हे ऐकत होती. तिच्या मुलीचा कान एका तंबूच्या पडद्याला लोंबकळत होता आणि दोन शहाणी माणसं त्याची मापं काढत होती. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही, आणि दोन्ही दाबायला तिने ओठ इतके घट्ट मिटले की नवऱ्याने घाबरून तिच्यापुढे पाणी सरकवलं.

"थांबा," सुई म्हणाली. "माझंच चुकलंय."

सुईला वाटलं होतं, आपण हे कुणाला सांगायचंच नाही. पुस्तक खोलताना जे दिसलं ते दिसलं. पण तिसऱ्यांदा डोळे मिटलेला बाप तिला बघवेना.

"अप्पा, आपलं पुस्तक दर वेळी कुठे उघडायचं, आठवतंय?"

"देव उघडेल तिथे."

"शेवटून पाव भागावर. येशूच्या गोष्टी जिथे आहेत तिथे. कधी दोन पानं मागे, कधी दोन पानं पुढे, पण तिथेच." ती एका दमात बोलत सुटली. "मी खोललं तेव्हा बाकीची पानं कोरी करकरीत होती. ती एक जुज मात्र कापडासारखी मऊ, दोरा झिजलेला, पाठीतून सैल झालेली. अप्पा, तुम्हीच शिकवलंत मला. जुज सैल पडली की पुस्तक डोळे मिटून उघडा नाहीतर उघडे ठेवून, तिथेच उघडतं. मी ती बाकीच्यांइतकीच घट्ट शिवली. आता ते कुठेही उघडतं."

पलीकडे भोंग्याने गाण्याचं दुसरं कडवं सुरू केलं. ते पहिल्यासारखंच होतं.

अप्पा आठवत होते. कटिंग मशीनच्या वेळी बोटाखाली एक लुळा माणूस उठून आपली खाट घेऊन चालू लागला होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मशीन आणलं. थोरल्याच्या लग्नाच्या वेळी एक आजारी बाई उठून पाहुण्यांना वाढायला लागली होती. ते म्हणाले, मुलगी कामसू आहे, हो म्हणा. दर वेळी कुणीतरी उठत होतं, चालत होतं, घरी जात होतं. 'नाही' येणारच कुठून! पंचेचाळीस वर्षं आपण देवाचं बोट समजून ज्याच्यावर भिस्त ठेवली, तो एक झिजलेला दोरा होता. आणि हे इतर कुणी नाही, एका बाइंडरने ओळखायला नको होतं?

"ती जुज एवढी सैल केली कुणी?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच म्हाताऱ्याचा वाटला.

सुईने आईकडे पाहिलं. "पानांच्या कडेला अंगठ्याचा डाग आहे. सरसाचा. आपल्यात डाव्या अंगठ्याने पान धरणारं एकच माणूस आहे."

मेजावरच्या सगळ्या माना वळल्या. सासूबाई डाव्या हाताने ताटल्या एकात एक घालत होत्या.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "सकाळी सरस गरम व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात वाचते मी. कुणाला त्रास होत होता का?"

"रोज तेच?" थोरल्याने विचारलं.

"तेच म्हणजे? माणूस तोच असला म्हणून त्याच्याशी रोज बोलायचं नाही की काय?"

"अगं पण," अप्पा म्हणाले, "तू बोललीच नाहीस कधी. मी बोट ठेवायचो तेव्हा समोर बसायचीस."

"तुम्ही एवढे हात धुऊन बसायचात. मन होईना."

थोरली फिसकन हसली आणि लगेच खोकली.

"म्हणजे माझं सगळं खोटं," अप्पा म्हणाले. ते चिडले नव्हते, आणि तेच सगळ्यांना अवघड झालं. "इतकी वर्षं त्याने मला एक उत्तर दिलं नाही."

सासूबाईंनी ताटल्या खाली ठेवल्या आणि नवऱ्याशेजारची खुर्ची ओढली.

"अहो, पंचेचाळीस वर्षं मी तुमच्याशी संसार केला. तुम्हाला चहा हवाय का, हे कळायला मी कधी डोळे मिटून तुमच्या खिशात बोट घातलं का?"

"मग?"

"चष्मा कपाळावर चढवलात की चहा. सुरीला उगाच धार लावायला घेतलीत की राग. 'बघू' म्हणालात की नाही, आणि 'हो हो' म्हणालात की अजिबात नाही."

"हे खरं आहे," धाकटा म्हणाला.

"तू गप," अप्पा म्हणाले.

"हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं. राहून राहून कळलं. पहिल्या वर्षी मी तुम्हाला घाबरायचे. तुमची रीत कळली आणि भीती गेली." त्या थांबल्या. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "त्याचंही तसंच आहे. त्याने काय केलं ते सगळ्यांना पाठ असतं. पण तो कसा वागतो, कुणाशी कसा बोलतो, कुणासाठी थांबतो, हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही. मी तेवढंच विचारते रोज. तुझी रीत दाखव मला. गरजेच्या वेळी एक उत्तर उपटून घ्यायचं आणि मग पुढच्या लग्नापर्यंत दार लावून घ्यायचं, असं त्याच्याशी मला जमलं नाही."

"आणि माझं बोट?"

"तो काय हाक मारायची पद्धत चुकली म्हणून ओ न देणारा आहे का? तुम्हाला येत होती तशी तुम्ही मारलीत. त्याने सांभाळून घेतलं." त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. "तुमच्यासारख्या माणसाला सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, ते मी जाणते."

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. सुई न बोलता चहा ठेवायला उठली.

"मग आई, तुम्हीच सांगा," धाकटी म्हणाली. ती एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्हाला रीत माहीत आहे. होईल ना सगळं नीट?"

"ते मला माहीत नाही, बाळ."

धाकटीचा चेहरा उतरला.

"काय होईल ते नाही माहीत. तो कसा आहे तेवढं माहीत आहे. म्हणून मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण. तुला एक सांगते फक्त." सासूबाईंनी नवं पुस्तक ओढलं, पान शोधायला त्यांना आज वेळ लागला, कडक पाठ दाबून धरावी लागली. "त्याच्याकडे एकदा एका बहिऱ्याला आणलं. गर्दी केवढी होती. बाकी वेळी चारचौघांत बरं करायचा तो. पण याला ऐकू येत नाही, याला त्या गलक्यातलं काय कळणार? तर त्याने काय केलं, त्याला बाजूला नेलं. सगळ्यांपासून दूर, एकट्याला. आणि मग त्याच्या कानांना हात लावला. मला किती वर्षं वाटायचं, एकट्याला का नेलं? आणणाऱ्यांना केवढी काळजी असेल, त्यांना तिथेच सोडलं. मग कळलं, ती त्याची माया करायची रीत आहे. आपल्या माणसांना जिथे येता येत नाही, तिथे तो बरोबर जातो."

धाकटी उठली आणि पुस्तकं शिवायच्या खोलीत गेली. नवरा मागोमाग उठायला लागला, तर थोरलीने त्याची बाही धरून खाली बसवलं.

मग थोरला, ज्याला शांतता सोसत नसे, खालच्या आवाजात म्हणाला, "करून टाका ऑपरेशन."

"आता काय झालं?" थोरलीने विचारलं.

"तिला भोंगा मी म्हणायला लागलो." तो टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होता. "ती ओरडायची आणि मी चारचौघांत हसायचो. ऑपरेशन लागतंय म्हटलं की तेव्हापासून तिला ऐकूच येत नव्हतं, असं होतं ना. मला वाटलं, आपोआप गेलं तर बरं. माझ्या मनातलंही जाईल त्याबरोबर."

थोरलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि वीस वर्षांत क्वचित घडलं असेल असं घडलं: तिने ते मिटलं आणि स्वतःच्या कपातली साखर ढवळून कप त्याच्यापुढे ठेवला.

शिवणखोलीत धाकटी दोन ढिगांच्या मधल्या जागेत उभी होती. एका बाजूला शिवलेलं, एका बाजूला शिवायचं. तिला प्रार्थना येत होत्या, लहानपणापासून पाठ होत्या, पण त्यातली एकही आत्ता तोंडात येईना. मोठ्याने बोलावं तर बाहेर ऐकू जाईल. शेवटी ती जशी फोनवर आपल्या आईशी बोलायची तशी बोलली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "आठ दिवस मी तुला एकच विचारतेय, हो की नाही, हो की नाही. तू कसा आहेस हे मी विचारलंच नाही. वेळच झाला नाही म्हणजे. तू त्याला बाजूला घेऊन गेलास तेव्हा त्याची आई असेल का रे गर्दीत? तिच्याकडे बघितलंस का वळून? हे कुठे लिहिलेलं नाही. पण तू बघितलं असशील. असं मला वाटतंय. आईंना विचारायला हवं: असं वाटणं म्हणजे ओळख व्हायला लागणं का, की मी आपली मनाची समजूत घालतेय."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. भीती गेली नव्हती, जराशी सरकून बसली होती एवढंच, शेजारी कुणाला तरी जागा केल्यासारखी. ते दार तिला अजून दिसत होतं. फक्त त्याच्या पलीकडे ती आता एकट्या मुलीला बघत नव्हती.

चारला दहा कमी असताना तिने फोन लावला. पलीकडची बाई घाईत होती. मुलीचं वय, वजन, सर्दीखोकला. बुधवारी रात्रीनंतर काही खायला द्यायचं नाही, गुरुवारी सकाळी सातला हजर.

"आणि एक सगळ्यांना सांगावं लागतं," बाई म्हणाली. "आतमध्ये आईवडिलांना येता येत नाही. पेशंटला एकटंच नेतात. चालेल ना?"

"चालेल," धाकटी म्हणाली.

"बरं. बऱ्याच जणी इथे पाच मिनिटं तरी वाद घालतात. आणखी काही?"

"हो. आत नेताना जे कुणी तिच्याशी बोलेल, त्यांना सांगाल का, तोंडावरचा मास्क क्षणभर खाली घ्या म्हणून? ती ओठ बघून ओळखते काय म्हणताय ते." तिने दाराच्या चौकटीला खांदा टेकला. "अजून तरी."

"लिहून घेते," बाई म्हणाली, आणि पेनाचा आवाज फोनमधूनही ऐकू आला.